डब्याचं झाकण

आमच्या कराडच्या घरी फराळाचा एक जर्मनचा डबा होता. आईच्या रुखवतात आलेला, हातभर उंच, आणि झाकणाला एका बाजूने पोचा पडलेला. त्या पोच्यामुळे झाकण सरळ निघायचं नाही. डबा डाव्या हाताने पोटाशी धरायचा, उजव्या अंगठ्याने कड वर रेटायची, मग ते ‘टण्ण’ करून सुटायचं. हा आवाज पार ओसरीपर्यंत जायचा. झाकणावर ओला पंचा टाकून दाबलं की आवाज मरतो, हे मला कळलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो.

त्या वर्षी श्रावणात बाबा गेले. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर सणाचं तळण होत नाही. फराळ शेजारीपाजारी आणि नातलग आणून देतात. आमच्याकडेही सात-आठ घरांतून विणलेल्या रुमालांनी झाकलेली ताटं आली. आईने सगळं त्या डब्यात भरलं आणि स्वतः कशालाही हात लावला नाही. रात्री मला झोप येईना. बाबांची खाट रिकामी होती आणि त्या बाजूला बघवत नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि पंचा भिजवला.

पहिला लाडू मी चवीने खाल्ला, दुसरा घाईने. तिसऱ्यानंतर चव कळेनाशी झाली, नुसतं तोंड चालत राहिलं. बेसन टाळूला चिकटत होतं, पण घोटभर पाणी प्यावं हेही सुचत नव्हतं. मग चकल्या, मग चिवडा मुठीमुठीने. थांबलो तेव्हा धाप लागली होती, पोट ताणून दुखत होतं आणि हात तुपाने माखले होते. तेवढा वेळ मात्र बाबा आठवले नव्हते.

सकाळी डबा अर्धा झालेला पाहून मावशी काहीतरी बोलणार होती. आई म्हणाली, “खाऊ दे गं, वाढतं वय आहे त्याचं.” तिथे तो विषय संपला. मुलगा भरपूर खातो याचं आपल्याकडे कौतुक असतं. पंगतीत पैजा लावून जिलब्या खाणाऱ्यांच्या गोष्टी तर पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्यामुळे माझ्या खाण्यात दुखणं आहे असं कोणाला वाटलं नाही, आणि मलाही पुढची कितीतरी वर्षं वाटलं नाही.

शिकायला पुण्याला गेलो तेव्हा डबा माझ्याबरोबर आला. घरी जाताना रिकामा न्यायचा, येताना भरून आणायचा. मित्रांना दोन-दोन लाडू वाटून झाले की उरलेला डबा कॉटखाली जायचा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची आणि खोलीवरचे दोघे आपापल्या नातेवाइकांकडे जायचे. दिवे लागण्याच्या वेळेला मी एकटा उरायचो आणि तो डबा तळापर्यंत जायचा. मग रात्री उशिरा शपथ घ्यायची, उद्यापासून एकवेळ जेवायचं. सोमवारी दिवसभर चहावर काढायचा आणि रात्री हात थरथरायला लागले की नाक्यावरच्या गाडीवर पुन्हा तेच. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मी अशी अंगावर वागवत होतो, आणि मला वाटत होतं की माझ्यात निश्चय कमी पडतोय.

नोकरी मुंबईत, बँकेत लागली. घर ठाण्याला केलं. नाश्ता सोडून बघितला, भात सोडून बघितला, साखर सोडून बघितली. काट्यावरचा आकडा उतरला की ऑफिसात अभिनंदन व्हायचं आणि तीन महिन्यांत तो पुन्हा चढायचा. दिवसा मी अतिशय संयमी माणूस होतो. दुपारच्या डब्यातली एक पोळी रोज परत आणायचो. रात्री मात्र बायको-मुलगी झोपल्या की ओट्यापाशी उभा राहायचो. जर्मनचा डबा आता माझ्या घरात होता आणि आवाज मारायची विद्या हातात होतीच.

अडतिसाव्या वर्षी एका रात्री मागून दिवा लागला. बायको दारात उभी होती. “अहो, असं अंधारात का खाताय?” माझ्या तोंडात घास होता, बोलता येत नव्हतं. तिने हातातला डबा काढून ओट्यावर ठेवला, स्टूल पुढे ओढलं, पाण्याचा तांब्या दिला. “बसा आधी.” बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “किती दिवस चाललंय हे?” मी म्हणालो, “बाबा गेल्यापासून.” तेवीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारत होतो. त्या रात्री माझी निम्मी सुटका झाली, असं मला आजही वाटतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी वजन विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “आज सकाळपासून काय काय खाल्लंत?” चार वाजले होते आणि माझ्या पोटात फक्त दोन कप चहा होता. ते म्हणाले, “मग रात्री दुसरं काय होणार?”

या दुखण्याला नाव आहे हे तिथे कळलं, बिंज ईटिंग. अल्बर्ट स्टंकार्ड या अमेरिकी डॉक्टरांनी १९५९ साली त्याचं वर्णन केलं होतं, आणि २०१३ साली अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने आपल्या निदानाच्या पुस्तिकेत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. थोड्या वेळात खूप खाणं, खाताना ताबा सुटणं, भूक नसताना खाणं, लाजेने एकट्याने खाणं, नंतर स्वतःची किळस येणं. आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने. डॉक्टर एकेक लक्षण सांगत होते आणि मला कराडचं अंधारं स्वयंपाकघर दिसत होतं.

त्यांनी एक जुना प्रयोगही सांगितला. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे शोधण्यासाठी ॲन्सेल कीज यांनी १९४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे तरुण स्वखुशीने आलेले होते. काही आठवड्यांत त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरं काही उरलं नाही. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. उपास सुटल्यावर त्यांच्यातले काहीजण पोट तुडुंब भरलं तरी भूक आहे म्हणत खात राहिले. धडधाकट मनाच्या माणसांची ही गत होते, तर माझ्या निश्चयाला मी कशाला बोल लावत होतो? आई रोज गीता वाचायची. सहाव्या अध्यायात म्हटलंय की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. लहानपणापासून कानावर पडलेल्या त्या श्लोकातला पहिला अर्धाच भाग मी ऐकला होता.

उपचाराची सुरुवात खाण्यापासून झाली. सकाळी नऊला नाश्ता, एकला पूर्ण डबा, साडेचारला काहीतरी, साडेआठला जेवण. दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, भूक असो वा नसो. पहिले काही दिवस मला धास्ती वाटली की आता मी फुगतच जाणार. पण ऑफिसातून निघताना खिशात फुटाणे-शेंगदाण्यांची पुडी असायची, गाडीत ती संपायची, आणि ठाण्याला उतरताना पूर्वीसारखं डोकं सुन्न झालेलं नसायचं. महिन्याभरात रात्रीच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या.

दुसरं साधन म्हणजे दोनशे पानी वही. काय खाल्लं, किती वाजता, कुठे बसून, आणि त्याआधी मनात काय होतं, एवढंच लिहायचं. कॅलरी मोजायच्या नाहीत, स्वतःला शेरेही द्यायचे नाहीत. दोन महिन्यांनी पानं उलटली तेव्हा सगळ्यात वाईट संध्याकाळी रविवारच्या निघाल्या. मेस बंद असल्याची ती जुनी संध्याकाळ माझ्या अंगात अजून उतरत होती. तेव्हापासून रविवारी दिवेलागणीला मी आणि बायको तलावपाळीवर चालायला जातो. पाऊस असला तर छत्री घेऊन.

तिसरी गोष्ट त्या अनावर क्षणाची. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट यांनी सांगितलं होतं की तलफ ही लाटेसारखी असते. तिच्याशी झुंजू नये, तिच्यावर स्वार व्हावं. आपल्या भाषेने हे शब्दातच सांगून ठेवलंय, ऊर्मी म्हणजे लाटच. ती उठली की मी घड्याळ बघतो आणि वीस मिनिटं स्वयंपाकघरातून बाहेर पडतो. जबडा आवळला आहे का, घसा दाटला आहे का, छातीत काय होतंय, हे नुसतं बघत राहतो. हाताला काम हवं म्हणून उद्याच्या शर्टाला इस्त्री करतो. एक बाही, दुसरी बाही, कॉलर. कॉलरपर्यंत येताना बहुतेक वेळा लाट ओसरायला लागलेली असते. नाहीच ओसरली तर दिवा लावतो, ताटलीत वाढून घेतो आणि बसून खातो. ताटलीत वाढून, बसून, उजेडात खाल्लेल्या लाडवाची चव लागते, आणि चव लागली की थांबता येतं.

चौथं मला सर्वांत अवघड गेलं. घरात कुठलाच पदार्थ वर्ज्य ठेवायचा नाही. वर्ज्य केलेला पदार्थच रात्री हाका मारतो. म्हणून लाडू आता दुपारच्या चहाबरोबर, सगळ्यांसमोर.

हे सगळं करूनही घसरायला होतं. मार्चअखेरीला मी अजून कधीकधी घसरतो. पण सारखं घसरायला होत असेल, खाल्लेलं उलटून टाकावंसं वाटत असेल, जीव नकोसा होत असेल, तर वही आणि इस्त्री पुरत नाही. डॉक्टरकडेच जायला हवं. यावर समुपदेशन आहे, औषधंही आहेत. कुठे जावं हे सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

गेल्या दिवाळीत आई आमच्याकडे होती. ऐंशी ओलांडलीय तिने. लाडू वळताना मी तिला त्या रात्रीबद्दल सांगितलं, पंच्यासकट. तिचे हात थांबले. म्हणाली, “मला आवाज आला नव्हता रे. पण मी जागीच होते. मलाही घास उतरत नव्हता त्या वर्षी. तुला घेऊन जेवायला बसायला हवं होतं मी.” मग तिने एक लाडू मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

डबा आता जेवणाच्या टेबलावर असतो. पोचा तसाच आहे. मुलगी दुपारी झाकण उघडते तेव्हा घरभर टण्ण वाजतं.

तुमच्याही घरात असं एखादं झाकण आवाज न करता उघडलं जात असेल, तर एका माणसाला ते सांगा. आणि काल रात्री कितीही खाल्लं असलं, तरी आज सकाळचा नाश्ता चुकवू नका.