कोरियन, थेट मराठीतून

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात राजनैतिक अधिकाऱ्यांना परभाषा शिकवतात. इंग्रजी भाषकाला सर्वांत जड जाणाऱ्या भाषांची तिथे एक यादी आहे आणि तीत कोरियन आहे. कामापुरती कोरियन यायला वर्गातले 2200 तास लागतात, असा त्यांचा अंदाज. कोकणातल्या हेदवीत मोबाइलवर कोरियन शिकायला बसले, तेव्हा हाच आकडा समोर आला आणि मन जरा खचलं. तो मराठी माणसासाठी काढलेलाच नाही, हे पुढे अभ्यास करता करता कळत गेलं.

साधनं भरपूर आहेत. सोलमधल्या ‘टॉक टू मी इन कोरियन’चे ध्वनिपाठ 2009 पासून चालू आहेत. डुओलिंगोवर 2017 मध्ये कोरियन आली. किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचं साहित्य आहे, नेव्हरचा शब्दकोश आहे, शब्द पाठ करायला अंकी आहे. पावसाळ्यात इकडे लाइट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो. म्हणून पाठ आधीच उतरवून ठेवायचे आणि उमामहेश्वराच्या देवळाकडे, बामणघळीच्या बाजूला जाता-येता ऐकायचे. समुद्र खवळलेला असला की कानातलं काही कळत नाही, तेव्हा वही काढायची.

लिपीने पहिल्या आठवड्यातच जिंकलं. राजा सेजोंगने ती 1443 मध्ये सिद्ध केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. आज तिच्यात 14 मूळ व्यंजनं आणि 10 मूळ स्वर आहेत. व्यंजनांचे आकार उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, दात, घसा कसे असतात त्यावरून घेतलेले. ‘न’चं चिन्ह म्हणजे टोक वर उचललेली जीभ, ‘म’चं म्हणजे तोंडाचा चौकोन. त्याचं स्पष्टीकरण देणारी मूळ पोथी 1940 मध्ये सापडली. तीत व्यंजनांचे गट उच्चारस्थानांनुसार लावले आहेत. कवर्ग, तवर्ग, पवर्ग घोकून मोठं झालेल्याला ही मांडणी नवी वाटतच नाही.

महाप्राणाचंही तसंच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तोंडासमोर कागद धरून ‘ख’चा श्वास तपासायला सांगतात. आपल्याकडे पहिलीतलं पोर क आणि ख वेगळे म्हणतं. अडचण येते ती कोरियनच्या साध्या ‘क’शी. मांसाला तिथे ‘कोगी’ म्हणतात. लिहिताना दोन्ही ठिकाणी अक्षर एकच, पण शब्दाच्या सुरुवातीला ते क-सारखं ऐकू येतं आणि दोन स्वरांच्या मध्ये ग-सारखं. आपला कान क आणि ग यांत भिंत घालून बसलेला असतो, ती पाडायला बराच वेळ लागतो.

मग संधी. ‘कुक’ म्हणजे सूप, ‘मुल’ म्हणजे पाणी. दोन्ही जोडून होणारा रस्सा मात्र ‘कुङमुल’. इंग्रजी पाठात यासाठी लांबलचक तक्ता दिला होता. मी तो मिटला आणि वहीत लिहिलं : वाक् + मय = वाङ्मय. शाळेत पाठ केलेला व्यंजनसंधी इतक्या वर्षांनी इथे उपयोगी पडला, याचा आनंद मला अजून आवरत नाही.

खरा खजिना क्रियापदांत आहे. वाक्याच्या शेवटी क्रियापद, नामाला चिकटलेले प्रत्यय, मोठ्यांसाठी वेगळं आदरार्थी रूप, हे सगळं ओळखीचं होतंच. पण एक दिवस ‘मॉगॉ पोसेयो’ हे वाक्य आलं. मॉगॉ म्हणजे खाऊन, पोसेयो म्हणजे बघा. खाऊन बघा! ताटात आंबोळी वाढताना आमच्याकडे याहून वेगळं काय म्हणतात? पुढे ‘हे जुसेयो’ आलं, म्हणजे करून द्या. आणि काम उरकून मोकळं झालं की कोरियन माणूस मूळ क्रियापदाला ‘फेकणे’ या अर्थाचं क्रियापद जोडतो. आपण ‘खाऊन टाकलं’, ‘सांगून टाकलं’ म्हणतो, अगदी तसंच. इंग्रजीतून समजावताना यांतल्या प्रत्येक रचनेला स्वतंत्र धडा लागतो. मराठीत प्रत्येकी एक ओळ पुरते. ‘मला समुद्र आवडतो’ या वाक्यात कर्ता समुद्र असतो, कोरियनमध्येही कर्त्याचा प्रत्यय समुद्रालाच लागतो.

संख्यांनी मात्र घाम काढला. तिथे मोजणीचे दोन संच आहेत, देशी आणि चिनी वळणाचा. घड्याळातला तास एका संचात सांगायचा आणि मिनिटं दुसऱ्यात. त्यात मोठ्या संख्यांचं एकक दहा हजार, त्याला ‘मान’ म्हणतात. आपला लाख म्हणजे दहा मान, कोटी म्हणजे हजार मान. बाजारभाव ऐकताना अजूनही मनात आधी भागाकार चालतो.

तळेगावला ह्युंदाई, रांजणगावला एलजी, आमच्याच कोकणात माणगावजवळ विळे-भागाडला पोस्को. या पट्ट्यात कोरियन येणाऱ्या माणसाला काम मिळू शकतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिक स्तरावरच्या परकीय भाषांत कोरियनचा उल्लेख आहे. अशा वेळी गुहागर तालुक्यातल्या मुलीने इंग्रजी कच्चं म्हणून कोरियन सोडावी, हे मला मान्य नाही. इंग्रजीच्या दारातून जायची तिला गरजच नाही.

म्हणून वहीतली टिपणं आता मराठीत नीट लिहून काढते आहे. टोपिक या कोरियनच्या परीक्षेच्या पहिल्या भागात 200 गुण असतात; पहिल्या पातळीला 80 लागतात, दुसरीला 140. तेवढ्या अभ्यासक्रमाचं व्याकरण आधी पूर्ण करायचं ठरवलंय. संधीचं प्रकरण झालं, संयुक्त क्रियापदांचं अर्ध्यावर आहे.