भिंत, उडी आणि आम्ही

संस्थेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा संस्थेचा इतिहासच लिहावा, असे प्रथम मनात आले. इतिहास हा आमचा विषय. जुनी हजेरीपुस्तके, देणगीदारांच्या याद्या, कोनशिलेवरील मजकूर हे सारे आम्हांस पाठ आहे. परंतु त्या कागदपत्रांत जिची केवळ एका ओळीची नोंद आहे, अशी एक गोष्ट गेली दोन वर्षे आमच्या मनात घर करून आहे. तीच येथे लिहितो.

वसतिगृहाची मागची भिंत माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. कडुनिंबाजवळ ती थोडी खचली होती. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी इयत्ता आठवीतील एक मुलगा रात्री त्या भिंतीवरून उडी टाकताना आमच्या हाती सापडला. आम्ही तेव्हा नवखे शिक्षक होतो आणि शिस्तीचा अभिमान मोठा होता. दुसऱ्या दिवशी वंदनेनंतर त्याला सर्वांसमोर उभे केले. वडिलांना बोलावणे धाडले. ते ऊसतोड कामगार. मुकादमाची बोलणी खाऊन, दोन दिवसांची मजुरी बुडवून ते आले आणि कार्यालयाच्या दारात हात जोडून उभे राहिले. मुलाने तोंडातून शब्द काढला नाही. 'उडी का मारलीस?' असे आम्हीही त्याला एकदासुद्धा विचारले नाही. शेऱ्यांच्या वहीत एक ओळ लिहिली गेली आणि विषय संपला.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या जिन्यावरून घसरून आमचे मनगट मोडले. हाड जुळले, पण मनात भीती राहिली. जिना उतरताना कठडा सुटेना. हे त्या विद्यार्थ्याच्या कानी गेले. तो आता पुण्यात एका जुन्या गोदामात मुलामुलींना पार्कूर शिकवतो. त्याचा फोन आला, "सर, सुटीत या. पडायचं कसं ते शिकवतो."

गोदामात जाडजूड गाद्या, लाकडी खोकी, निरनिराळ्या उंचीचे कठडे आणि परांचीसाठी वापरतात तसे लोखंडी नळ होते. मुले उंचावरून उड्या घेत होती, पण उतरताना आवाज जवळजवळ नव्हता. पायाच्या चवड्यांवर उतरायचे, गुडघे वाकवून धक्का मुरवायचा, आणि वेग अधिक असेल तर खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे तिरपे लोळायचे, म्हणजे मार एका जागी बसत नाही. आवाज झाला, तर धक्का सांध्यांनी सोसला असे समजावे. आमचा पहिला धडा गादीवर बसणे, आडवे होणे आणि हातांचा आधार कमीत कमी घेऊन उठणे, एवढाच होता. दुसरा धडा हातापायांवर चालण्याचा. पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलांसोबत चौपायासारखे चालावे, याची प्रथम लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

इतिहासाच्या सवयीने आम्ही या विद्येचे मूळ शोधले. फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर याने विसाव्या शतकाच्या आरंभी व्यायामाची 'नैसर्गिक पद्धत' मांडली. चालणे, धावणे, उडी, हातापायांवर चालणे, चढणे, तोल, फेकणे, उचलणे, स्वसंरक्षण आणि पोहणे अशी तिची दहा अंगे. 1902 साली मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीच्या उद्रेकाने सें-पिएर शहर बेचिराख झाले, तेव्हा तो तेथील मदतकार्यात होता, असे सांगितले जाते. उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा, हे त्याचे ब्रीद. पुढे फ्रेंच सैन्यात अडथळ्यांच्या शर्यतीची शिस्त रूढ झाली. तिला 'पार्कूर' म्हणत, त्यावरूनच हे नाव आले.

या परंपरेतील एक व्यक्ती आपल्या संस्थेच्या वाचकांना जवळची वाटेल. रेमों बेल हा व्हिएतनाममध्ये जन्मलेला मुलगा. युद्धात घरच्यांपासून तुटला आणि दालात येथील लष्करी निवासी शाळेत वाढला. इतर मुले झोपल्यावर तो रात्री एकटाच अडथळ्यांवर सराव करी, असे सांगतात. पुढे तो पॅरिसच्या अग्निशमन दलात जवान झाला. त्याचा मुलगा दाव्हिद व त्याचे सोबती यांनी पॅरिसजवळच्या लिस आणि एव्री या वसाहतींतील भिंती, जिने व कठडे हेच आपले मैदान केले. हे वाचताना कडुनिंबाजवळची भिंत डोळ्यांपुढे आली.

गोदामात एक नियम आहे. प्रत्येकाने आल्याबरोबर फळ्यावर आजचा हेतू लिहायचा. 'उड्या मारणे' हा हेतू धरला जात नाही. 'अरुंद कठड्यावर दोन्ही पाय एकदम टेकवून स्थिर राहणे', 'डाव्या खांद्यावरून लोळणे', असे नेमके काही हवे. उडी घेण्यापूर्वी कठडा हलवून पाहायचा, उतरण्याची जागा हाताने चाचपायची, आणि परत कसे फिरायचे हे आधी ठरवायचे. तीच उडी प्रथम जमिनीवरच्या खडूच्या रेघांवर, मग वीतभर उंचीवर, मग गुडघ्याएवढ्या उंचीवर. थकव्याने चूक होऊ लागण्यापूर्वी थांबायचे. एका मुलीने मोठी उडी साधली, तेव्हा त्याने तिला शांतपणे विचारले, "ही का मारलीस?" ती म्हणाली, "सगळे बघत होते म्हणून." तो म्हणाला, "मग ही मोजायची नाही."

त्या संध्याकाळी आम्ही त्याला म्हणालो, "अरे, हा प्रश्न मी तुला विचारायला हवा होता."

तो हसला. "सर, मी कुठं पळून जात नव्हतो. सहा महिने ती भिंत मी अभ्यासत होतो. आधी ओट्यावरून, मग हौदावरून सराव केला होता. त्या रात्री पहिल्यांदा जमली, आणि तुम्ही समोर." थोडे थांबून तो म्हणाला, "मला उभं केलंत त्याचं काही नाही, सर. बापाला बोलावलंत, ते मात्र लागलं."

आम्ही क्षमा मागितली. त्याने आमचा हात हातात घेतला, पण 'जाऊ द्या, सर' असे तो म्हणाला नाही. ते योग्यच होते, असे आजही वाटते.

आमच्या पिढीचे कोठे चुकले, याचा तेव्हापासून विचार करतो आहोत. आपल्या आजोबा-पणजोबांनी येसकर म्हणून गावाची वेस राखली, मैलोगणती धावत निरोप पोचवले, आणि राहिले गावकुसाबाहेर. त्यांचे शरीर नेहमी दुसऱ्याच्या हुकमाने राबले. म्हणून शिक्षण म्हणजे शरीरकष्टातून सुटका, असे समीकरण आमच्या मनात पक्के बसले. आम्ही मुलांना बसायला शिकवले. व्यायामाचा तास गणिताला देऊन टाकला आणि त्याचा अभिमान बाळगला. स्वतःच्या हेतूने, स्वतःच्या आनंदासाठी शरीर वापरणे हीही मुक्तीच आहे, हे लक्षात आले नाही. वंदनेनंतर अष्टांगिक मार्ग शिकवताना 'सम्यक व्यायाम' हे शब्द आम्ही शेकडो वेळा उच्चारले. तेथे व्यायाम म्हणजे मनाचा योग्य प्रयत्न, हा अर्थ आम्ही अचूक सांगत असू. आधी पाहणे, मग पायरीपायरीने करणे आणि वेळेवर थांबणे हे त्या प्रयत्नाचे रूप गोदामातील मुलांनी आम्हांस शरीराने दाखवले.

आता आम्ही कठडा न धरता जिना उतरतो. गुडघ्याएवढ्या खोक्यावरून, आवाज न करता, उतरता येते. याहून मोठ्या उडीची आम्हांस हौस नाही.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एक विनंती आहे. भोजनगृहामागची पत्र्याची शेड रिकामी पडून आहे. तेथे गाद्या, काही मजबूत खोकी आणि तोल साधण्याचे कठडे उभारता येतील. मुलामुलींना आठवड्यातून दोन दिवस शिकवण्याची तयारी आमच्या त्या विद्यार्थ्याने दाखवली आहे, मानधन न घेता. शेऱ्यांच्या वहीतील ती ओळ खोडता येणार नाही, इतिहासाच्या शिक्षकाने ती खोडूही नये. तिच्याखाली दुसरी ओळ लिहिता यावी, एवढीच इच्छा आहे.