सहावा आवाज

एकेक पट्टी दाबत वर चला. सा, रे, ग, म, प बोलतात, ध गप्प. आता रे पासून सुरू करा: ध खणखणीत वाजतो आणि नी गप्प. म्हणजे दुखणं पट्टीत नाहीच. रोलंडच्या ज्युनो-१०६ मध्ये आवाज सहाच. दाबलेली प्रत्येक पट्टी पुढच्या आवाजाच्या वाट्याला जाते. त्यातला एक मेला, की मौन सप्तकभर हिंडत राहतं. १९८४ सालच्या या सिंथेसायझरचा हा नेहमीचा आजार.

जयपूरच्या मे महिन्यात मी तो उघडून बसले, तेव्हा आत आधी भेटली ती धूळ. आंधी आली की इथे बंद कपाटातल्या भांड्यांवरही रेती बसते, मग पट्ट्यांखालच्या रबराची काय कथा! आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसल्यावर अडखळणाऱ्या पट्ट्या चालू लागल्या. सहावा आवाज मुकाच राहिला.

गुन्हेगार ८००१७ए नावाची चिप. आवाजागणिक एक, अशा सहा. सूर गाळणं आणि त्याला लहानमोठा करणं हे तिचं काम. तिला जपायला कारखान्यानं वरून काळ्या राळेचा थर चढवला होता. चाळीसेक वर्षांत तोच थर म्हातारा होऊन नको तिथून वीज झिरपू देतो. राखणदारानंच गळा धरला म्हणायचा.

उपाय मात्र स्वयंपाकघरातला वाटावा असा. डाख काढून चिप सोडवायची आणि ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवायची. मी लोणच्याची काचेची बरणी घेतली, पत्र्याच्या झाकणाची. प्लास्टिकचा भरवसा नाही, आणि इथल्या उकाड्यात ॲसिटोन उडून जायला वेळ लागत नाही. गॅसपासून बरणी लांब ठेवली. काही दिवसांनी थर मऊ पडला, सुईच्या टोकानं उचलला तसा उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटून आला. आत सिरॅमिकवर बारीक रेघा आणि ठिपके, इतके नाजूक की हात आपोआप हळू होतो.

त्या दिवसांत मला गवई अल्लादिया खाँसाहेब आठवत होते. जन्म १८५५ चा, इथल्याच उनियाऱ्याचा. तरुणपणी अतोनात गायल्यानं आमलेट्याला त्यांचा आवाज गेला आणि पहिल्यासारखा परत आलाच नाही. जो आवाज उरला त्याला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. ती शाहू महाराजांच्या कोल्हापुरात रुजली, केसरबाई आणि मोगूबाईंच्या गळ्यात उतरली. आपण तिला जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो. खाँसाहेबांचा जुना गळा शाबूत राहिला असता, तर आपल्या वाट्याला काय आलं असतं कोण जाणे.

चिप परत बसवली. सहावा बोलला, पण शेजाऱ्यांपेक्षा जरा घोगरा. ट्रिमर फिरवून त्याला इतरांच्या जवळ आणलं. पार एकसारखं करायचा हट्ट धरला नाही. हल्ली या चिपच्या नव्या प्रतिकृती मिळतात. सहाही बदला, असं एका मेकॅनिकनं सांगितलं, आणि धंद्याच्या हिशेबानं तो बरोबर आहे; उद्या दुसरी चिप जाऊ शकते. गेली तर बघू. मला हा घोगरा आवाज हवा आहे. संथ सुरावटीत तो आला की कान टवकारले जातात.

तुमच्या माळ्यावर असा एखादा सिंथेसायझर पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी मागची पाटी वाचा. जपानी बाजारासाठी केलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. ते आपल्या २३० व्होल्टला थेट लावलं, तर ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा. चालू झालं, तर बॅटरी बदलायच्या आधी यंत्रात साठवलेल्या आवाजांच्या रचना कॅसेटवर उतरवून घ्या. ज्युनोत अशा १२८ मावतात, आणि जुनी बॅटरी काढली की सगळ्या पुसल्या जातात.