दिवाळ्याची खाडी व होडीचें यंत्र

नवी मुंबई म्हटली कीं डोळ्यांपुढें रुंद रस्ते, आंखीव सेक्टर व आगगाडीचीं भव्य स्थानकें उभीं राहतात. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, १९७३ सालीं वाशीचा पहिला खाडीपूल रहदारीस खुला झाला, आणि शेतें व मिठागरें यांच्या जागीं शहर वसलें. परंतु या शहराच्या पश्चिमेस एक जुनी वाट अद्याप वाहती आहे; ती ठाण्याची खाडी. वाशी, सारसोळें, दिवाळें येथील कोळी आजही भरतीओहोटीचें गणित मांडूनच होडी लोटतात.

कांठाला तिवरांचें हिरवें कुंपण, चिखलावर उड्या मारणारे निवटे आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे, असा हा देखावा आहे. खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून घोषित झाला, व २०२२ सालीं त्यास रामसर पाणथळीचा मान मिळाला.

मात्र ही खाडी उथळ आहे. सुकती लागली कीं पाणी झपाट्यानें ओसरतें, व रुतलेल्या होडीस पुढील भरतीपर्यंत कित्येक तास जागीं बसावें लागतें. चिखलांत उतरून चालूं म्हटल्यास माणूस मांडीपर्यंत आंत जातो. म्हणून होडीच्या पिछाडीस टांगलेलें यंत्र ऐन वेळीं बंद पडणें, ही थट्टेची गोष्ट नव्हे. अशा टांगत्या यंत्रांचा प्रसार अमेरिकेंत ओले एव्हिनरूड यानें १९०९ च्या सुमारास केला. आज आमच्या कोळीवाड्यांतही तीं घरचींच झालीं आहेत.

गेल्या माघांत दिवाळ्याहून एका वृद्ध नाखव्याच्या होडींतून आम्ही निघालों असतां मध्येंच यंत्र थांबलें. दोरी कितीही ओढली तरी तें पेट घेईना, आणि सुकती तर लागलेली. "नाखवा, तेल संपलें असेल," असें आमच्यांतील एकानें सुचविलें. म्हातारा हंसून म्हणाला, "दादा, आधीं यंत्राला विचारायचें, मग खोलायचें."

त्याची विचारण्याची रीत पाहण्याजोगी होती. यंत्रास इंधन, दाब व ठिणगी हीं तिन्ही हवींत. प्रथम त्यानें चालकाच्या मनगटास बांधावयाच्या दोरीची कळ पाहिली. ती निसटली असतां ठिणगीच बंद होते. कळ जागेवर होती. मग प्लग काढला. तो पेट्रोलनें ओला होता. अर्थात् इंधन पोंचत होतें, पण पेटत नव्हतें. प्लग पुसून त्यानें टोपींत बसविला, त्याचें धातूचें अंग यंत्रास टेकविलें व दोरी ओढली. हें करतांना प्लगचें उघडें भोंक व सांडलेलें पेट्रोल यांपासून तो दूर राहिला, कारण पेट्रोलची वाफ त्याच ठिणगीनें भडकते. निळी, कडक ठिणगी पडल्यास प्रज्वलन ठीक. पिवळी व मलूल असल्यास तें अशक्त. येथें कांहींच दिसेना. नवा प्लग लावला, तरी तेंच. तेव्हां दोष प्लगचा नव्हे, त्याच्या मागचा.

टोपी पिळून काढली तों तारेच्या टोंकास हिरवट क्षार जमलेला! खाऱ्या हवेनें तांबें खाल्लें होतें. नाखव्यानें तार नखभर कापली, टोपी पुन्हां पिळून बसविली, आणि निळी ठिणगी तडतडली. एवढ्यानेंही भागलें नसतें तर कळेची तार सोडवून पाहावयाची. त्यानें ठिणगी आली तर दोष कळेचा. तरीही न आली, तर कॉईल किंवा चक्राखालील वेटोळें बिघडलें असें समजावें. तें काम मात्र कांठावरचें, पाण्यावरचें नव्हे.

यंत्र सुरू झालें तेव्हां तिवरांच्या मुळांशीं चिखल उघडा पडूं लागला होता. आणखी अर्धा तास गेला असता तर रात्र तेथेंच काढावी लागती. सोप्याकडून कठिणाकडे जाण्याचा त्या निरक्षर म्हाताऱ्याचा क्रम एखाद्या निष्णात वैद्यास शोभेल असा होता. घरीं परततांच तो यंत्र गोड्या पाण्यानें धुतो, व पेटींत जादा प्लग आणि पाना ठेवतो.

खाडी पाहावयास मुलांबाळांसह जाणाऱ्या वाचकांनीं होडींत पाय ठेवण्यापूर्वीं भरतीची वेळ विचारावी, आणि तळाशीं वल्हीं आहेत कीं नाहींत, तें अवश्य पाहावें.