पोटमाळ्यावरची अँटेना

केबल कंपनीशी आमचे भांडण तसे जुने. दर जानेवारीत बिल वाढे, दर जानेवारीत आम्ही चिडून फोन करीत असू, आणि पलीकडची गोड आवाजाची बाई आम्हांला नको असलेल्या आणखी चाळीस वाहिन्या देऊन आमची समजूत काढीत असे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मात्र बाबा सहा महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला आले आणि त्यांनी ते बिल वाचले. ‘हवेतून येणाऱ्या गोष्टीचे एवढे पैसे?’ इतकेच ते म्हणाले.

ही हवेतून येत नाही बाबा, तारेतून येते, असे आम्ही शहाणपणाने सांगितले खरे. पण बाबा टेलिफोन खात्यात आयुष्य घालवलेले. त्यांना तारेतून काय येते आणि हवेतून काय येते हे आमच्याकडून शिकण्याची गरज नव्हती. रात्री गुपचूप शोध घेतला. अमेरिकेतील मुख्य वाहिन्या आजही कोणालाही फुकट, हवेतून मिळतात. १२ जून २००९ रोजी इथली मोठ्या ताकदीची ॲनालॉग प्रक्षेपणे बंद झाली आणि सारे डिजिटल झाले. तेव्हापासून प्रत्येक प्रक्षेपकाच्या वाट्याला आलेल्या सहा मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून दर सेकंदाला सुमारे एकोणीस मेगाबिट माहिती अखंड वाहते आहे. केबलवाले पुष्कळदा हाच प्रवाह आणखी दाबून, चेपून आपल्याला विकतात. म्हणजे अधिक चांगले चित्र आमच्या छपरावरून इतकी वर्षे फुकट जात होते, आणि आम्ही खाली बसून त्याच्या पडेल प्रतीचे पैसे मोजत होतो.

टीव्हीला थेट अँटेना जोडून काम भागले असते. पण बाबा रात्री नऊला झोपतात, आणि त्यांना आवडलेला ‘नोव्हा’ हा विज्ञानाचा कार्यक्रम तेरा नंबरवर बुधवारी नऊला सुरू होतो. तेव्हा नोंद करून ठेवणे आले, आणि नोंद करायची तर संगणक हवा. आम्ही एक छोटी डबी आणली. तिच्या एका बाजूला अँटेनाची वायर लावायची, दुसरीकडून घरच्या नेटवर्कची. मग घरातला कुठलाही संगणक तिच्याकडून हवी ती वाहिनी मागून घेतो आणि हवी तर फाइल करून ठेवतो. तासाभराला सहासात जीबी जागा लागते. पण फाइल साध्या एमपेग-२ची, व्हीएलसीवर तशीच चालणारी. यात कसलीही विद्या नाही. विद्या लागते ती अँटेनाला.

दुकानातून आणलेली अँटेना म्हणजे कागदासारखा चपटा चौकोन होता. खिडकीला चिकटवली. दोन नंबर आला, चार आला, पाच आला. सात येईना. अकरा आणि तेरा तर नावालाही नाहीत. आम्ही डबीला दोष दिला, वायरीला दिला, शेजारच्या घराच्या पत्र्याला दिला. बाबांनी तो चौकोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘अरे, याला दांड्याच कुठे आहेत?’

मर्म तेच होते. डिजिटल प्रक्षेपण म्हणजे यूएचएफ अशी आमची समजूत; न्यूयॉर्कच्या या तीन वाहिन्या मात्र २००९ नंतर व्हीएचएफवरच परतल्या होत्या. सात नंबरची लहर साधारण १७५ मेगाहर्ट्झची, म्हणजे लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास. तिच्यासाठी निम्म्या लांबीची, जवळजवळ तीन फुटी दांडी हवी. वीतभर चौकोनाला ती कशी पेलणार? पुण्याच्या वाड्याच्या गच्चीवर सिंहगडाकडे तोंड करून उभी असलेली, कावळ्यांनी वाकवलेली आमची जुनी अँटेना डोळ्यांपुढे आली. १९२६ साली यागी आणि उदा या दोन जपानी संशोधकांनी मांडलेली तीच रचना आम्ही इथल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणली आणि पोटमाळ्यावर चढवली.

आता तोंड ईशान्येला करायचे. २००१ साली जुळे मनोरे कोसळले तेव्हा शहरातील बहुतेक वाहिन्यांचे प्रक्षेपक त्यांच्याबरोबर गेले होते. आज ते एम्पायर स्टेटवर आणि नव्या वर्ल्ड ट्रेडवर आहेत. आमच्यापासून पंचवीसएक मैल. आम्ही वर, धुळीत, वाकून; बाबा खाली लॅपटॉपपुढे. ॲनालॉगच्या काळी मुंग्या कमी झाल्या, सावली पुसट झाली, असे चित्रच सांगत असे. डिजिटलमध्ये मधली अवस्था फार थोडी: चित्र असते, चौकोन चौकोन होते, किंवा नसते. म्हणून त्या डबीचे टक्के वाचावे लागतात. ‘साठ,’ बाबा ओरडले. ‘बहात्तर. थांब, गेलं. अरे गेलं! परत फिरव.’ तीन तपांपूर्वी ते गच्चीवर असत आणि आम्ही खिडकीतून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडत असू. शेवटी ‘शंभर’ असा आवाज आला, आणि पाठोपाठ टीव्हीवरचा सात नंबर. जाहिरात कसलीशी औषधाची होती. दोघांनी ती शेवटपर्यंत पाहिली.

त्या हिवाळ्यात बाबांनी ‘नोव्हा’चे जुनेनवे भाग सकाळच्या चहाबरोबर पाहिले. कार्यक्रम नोंदवून आपल्या सोयीने पाहणे हा गुन्हा नव्हे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात ठरवून टाकले. तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी. पुढे २००३ साली डिजिटल प्रक्षेपणात ‘नक्कल करू नये’ अशी खूण घालून उपकरणांना ती पाळायला लावण्याचा नियम सरकारी आयोगाने केला. ग्रंथालयांच्या संघटनेने दाद मागितली आणि २००५ साली न्यायालयाने तो रद्द केला. ग्रंथपालांनी आमच्या बाबांच्या सकाळच्या चहासाठी भांडावे, हे आम्हांला फार आवडले.

आता तेच कुलूप दुसऱ्या दाराला लागते आहे. २०१७ साली मान्य झालेल्या नव्या प्रक्षेपण पद्धतीत चित्र अधिक चांगले, पण अनेक वाहिन्यांनी ते सांकेतिक करून ठेवले आहे. आमच्या डबीसारख्या डब्यांना ते उघडता येत नाही. जुनी पद्धत बंद करण्याची तारीख ठरवा, अशी मागणी प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२५ मध्ये केली. हवेचा पट्टा जनतेचा, तो प्रसारकांना वापरायला दिला जनहितासाठी, आणि किल्ली मात्र प्रसारकांच्या खिशात. आम्हांला हे पटत नाही. फुकट याचा अर्थ केवळ पैसे न देणे असा नाही. कधी पाहायचे आणि कशावर पाहायचे यासाठी कोणाची परवानगी न मागणे असाही आहे.

असो. बाबा मार्चअखेर परत गेले. मे महिन्यात मागच्या मेपलला पाने आली आणि तेरा नंबरचे शंभराचे ऐंशी झाले. रविवारी दुपारी आम्ही वर चढलो, पण खाली आकडे वाचायला कोणी नव्हते. चार वेळा शिडी चढून-उतरून झाल्यावर फोन लॅपटॉपपुढे उभा केला आणि पुण्याला लावला. तिथे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बाबांनी दुसऱ्या घंटेला उचलला. चश्मा शोधायला थोडा वेळ लागला. मग खालून आवाज आला, ‘हं, फिरव. ब्याऐंशी.’