न पाठवलेला अर्ज

माझ्या अर्जामुळे रेडिओ सुधारला, असं आमच्या गावातले बरेच जण अजूनही समजतात. तो अर्ज मी कधी पाठवलाच नाही. आणि त्यात लिहिलं होतं तेही खरं नव्हतं. इतकी वर्षं हे पोटात ठेवलं, आता सांगून मोकळा होतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातला. 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्याकडे रेडिओ म्हणजे नागपूर. आकाशवाणीचं ते केंद्र 16 जुलै 1948 ला सुरू झालं, म्हणजे माझ्याहून वयानं थोरलं. मीडियम वेव्ह, 585 किलोहर्ट्झ, ताकद 300 किलोवॉट. वडिलांनी रेडिओच्या काचेवर त्या जागी शाईचा ठिपका दिला होता आणि काटा त्या ठिपक्यावरून हलवायची घरात कुणाला मुभा नव्हती. सकाळी 7 वाजून 5 मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम. धानावर गादमाशी कुठवर आली, कडाकरपा दिसला तर काय करायचं, हे आम्हाला रेडिओच सांगे. रोवणीच्या दिवसांत एका बांधीतून दुसऱ्या बांधीत गेलं तरी तोच आवाज सोबत असायचा.

2018 च्या सुमारास त्या आवाजात खरखर शिरली. आधी दिवेलागणीनंतर, मग दिवसाही. बातम्या ऐकताना कान रेडिओला लावावा लागे. अशातच जानेवारी 2019 मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी बंद होत असल्याची बातमी आली. 18 मे 1988 ला सुरू झालेली ती रात्रीची सेवा. नागपूरच्या 1,000 किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून ती दूरदूरच्या राज्यांत ऐकू जायची. तिची जागा 1566 किलोहर्ट्झवर. आमच्या 585 शी तिचा काडीचा संबंध नव्हता, आणि हे विज्ञानाच्या मास्तराला तरी कळायला हवं होतं. पण टपरीवर कुणीतरी म्हणालं, "टावर हलवला म्हनते, अना पॉवर बी कमी केली," आणि मी मान डोलावली.

का डोलावली? कारण ते माझ्या मनातल्या जुन्या दुखण्याशी जुळत होतं. आमच्या चिखल्याच्या, डोंगरीच्या खाणींतलं मँगनीज बाहेर जातं, आमच्याकडे मात्र साधा आवाजही धड पोचू देत नाहीत, असं एक झकास वाक्य मला त्याच संध्याकाळी सुचलं. वाक्य झकास होतं म्हणूनच मी ते तपासून पाहिलं नाही.

फेब्रुवारी 2020 मध्ये मी फुलस्केपवर अर्ज लिहिला. प्रक्षेपण मनोरा हलवल्यामुळे व शक्ती कमी केल्यामुळे आमच्या भागावर अन्याय होत आहे, तरी पूर्ववत करावे, वगैरे. तो कोणत्या कार्यालयाच्या नावे होता ते इथं लिहीत नाही, कारण त्यांचा काही दोषच नव्हता. घरोघर फिरून 43 सह्या गोळा केल्या. कुणी वाचलं नाही. गुर्जींनी लिहिलं म्हणजे बरोबरच असणार.

फक्त शेजारच्या म्हातारबांनी सही केली नाही. त्यांचा रेडिओ सेलवर चालणारा, दिवसभर धुऱ्यावर नाहीतर मोहाच्या झाडाखाली. ते म्हणाले, "माजा तं साफ लागते, गुर्जी. लबाड बोलून सही कायले करू?"

मी घरी येऊन हिला सांगितलं, म्हातारबांना ऐकू कमी येतं. खरं तर ज्याला कमी ऐकू येतं त्याला खरखरीतलं काहीच कळणार नाही, हे साधं तर्कशास्त्रही मला तेव्हा सुचलं नाही. पुढे मार्चमध्ये टाळेबंदी लागली. अर्ज कपाटात राहिला.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला तो पूर आला. वर मध्य प्रदेशात धुवाधार पाऊस, तिकडून सोडलेलं पाणी, खाली गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडलेले. भंडारा शहरात पाणी शिरलं. आमचं गाव जरा उंचावर, म्हणून वाचलं, पण लाईन गेली. मोबाईलचं नेटवर्क गेलं. रात्री अंधारात बसल्या बसल्या मी सवयीनं रेडिओ सेलवर सुरू केला. आवाज लख्ख. निवेदकाचा श्वासही ऐकू यावा इतका लख्ख. मला वाटलं, पुरामुळे केंद्रानं पॉवर वाढवली असेल. हीसुद्धा म्हणाली, "बघा, संकटात जागे झाले."

दोन दिवसांनी लाईन आली. दिवे लागले आणि त्याच क्षणी रेडिओत खरखर भरली.

मी उठलो आणि मेन स्विच बंद केला. आवाज पुन्हा साफ. चालू केला, खरखर. त्या रात्री मी 31 वर्षांत शाळेत केला नव्हता इतका मन लावून प्रयोग केला. एकेक वस्तू बंद करत गेलो. ओसरीवरचा स्वस्तातला एलईडी बल्ब काढला, खरखर थोडी कमी झाली. डिशच्या डब्याचा ॲडाप्टर काढला, आणखी कमी. सुनेच्या मोबाईलचा चार्जर, जो तिनं नव्हे, मीच आठवडी बाजारातून आणला होता, तो काढला आणि निवेदक जणू ओसरीवर येऊन बसला. सकाळी रेडिओ घेऊन घरापासून लांब चालत गेलो. विजेच्या तारांखाली खरखर वाढायची, बांध्यांकडे उतरलं की विरायची. म्हातारबांच्या मोहाखाली तर नावालाही नव्हती. तिथं ते बसलेच होते. त्यांनी मला पाहिलं, माझ्या हातातला रेडिओ पाहिला, आणि काही विचारलं नाही.

यातलं शास्त्र मी नववीच्या वर्गाला सुद्धा समजावून सांगू शकलो असतो. चार्जर आणि एलईडी बल्ब विजेचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात. स्वस्त मालात त्यातून उसळणारा गोंधळ अडवणारे भाग गाळलेले असतात. तो गोंधळ घरातल्या तारांवरून पसरतो आणि नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात जाऊन बसतो. मीडियम वेव्हवर आवाज तरंगाच्या आयामात भरलेला असतो. आयामात जी काही ढवळाढवळ होईल, मग ती निवेदकाची असो की बल्बाची, रेडिओ ती इमानदारीनं ऐकवतो. एफएममध्ये आवाज वारंवारतेत असतो, म्हणून तो बचावतो. केंद्र पूर्वीसारखंच बोलत होतं. माझंच घर ओरडत होतं.

पण खरी कबुली याच्यापुढे आहे.

मी माझ्या घरचे बल्ब बदलले, चार्जर बदलला. ओसरीवर पुन्हा सातच्या बातम्या ठणठणीत लागू लागल्या. येणारे-जाणारे थबकले. कुणीतरी म्हणालं, "गुर्जींच्या अर्जानं काम केलं." मी त्याला थांबवलं नाही. आठवडाभरात गावात झालं की पॉवर वाढली. गंमत म्हणजे चार-पाच जणांना स्वतःच्या घरचा रेडिओही सुधारल्यासारखा वाटू लागला, घरात तेच बल्ब असताना. ग्रामपंचायतीसमोर एकानं माझा हात हातात घेतला. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना "पाहा, मोजा, मग लिहा" सांगितलं, त्यानं न मोजता लिहिलं होतं, आणि मोजल्यावर तोंड मिटून घेतलं होतं.

त्या लाजेपोटी मी नंतर वाचायला बसलो. पॉवर खरंच कमी केली असती तर काय झालं असतं, हे मला बघायचं होतं. ताकद निम्मी केली म्हणून ऐकणाऱ्याकडचा सिग्नल निम्मा होत नाही, सुमारे 71 टक्के उरतो. तो पॉवरच्या वर्गमुळाच्या हिशेबानं घटतो. अमेरिकेत सिनसिनाटीचं डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्र 1934 पासून 500 किलोवॉटनं गर्जत होतं. मार्च 1939 मध्ये सरकारनं त्याला 50 किलोवॉटवर आणलं. ताकद एक दशांश झाली, सिग्नल मात्र सुमारे एक तृतीयांश राहिला. उलट बाजूनंही तोच हिशेब. माझ्या बल्बावर मात करायला सिग्नल तिप्पट हवा असता, तर 300 ची पॉवर नऊपट, म्हणजे 2,700 किलोवॉट करावी लागली असती. माझ्या शंभर रुपयांच्या चार्जरपायी कोराडीच्या वीजकेंद्राला तेवढा कोळसा जास्त जाळायचा!

मनोरा हलवणंही मला आता पूर्वीसारखं पाप वाटत नाही. 585 किलोहर्ट्झचा तरंग 513 मीटर लांबीचा. त्याच्या पाव भागाएवढा उभा मनोरा म्हटला तरी 128 मीटर, आणि सभोवती जमिनीखाली तांब्याच्या तारांचं जाळं. त्याला एकरांनी जमीन लागते. शहरं वाढतात तशी ती जमीन महाग होते, म्हणून जगभर अशी केंद्रं गावाबाहेर जातात, कधी दुसऱ्याचा मनोरा वाटून घेतात, कधी ताकद उतरवतात. आणि जागा बदलून नेहमी नुकसानच होतं असंही नाही. हा तरंग जमिनीला धरून चालतो. ओली जमीन त्याला मानवते, कोरडा खडक नाही. तळ्यांचा आणि धानाचा आमचा जिल्हा त्याला पायघड्याच घालतो.

म्हणजे मीडियम वेव्ह बंद केली तरी चालेल, असं मी म्हणतो आहे का? मुळीच नाही. उलट पूर्वी मला किलोवॉट म्हणजे मान वाटायचा. जितके जास्त, तितकी आमची कदर. आता मी वेगळंच मागीन. मनोरा हलवा, पॉवर उतरवा, पण उतरवण्याआधी आणि उतरवल्यानंतर कुणीतरी रेडिओ घेऊन आमच्या बांधीत या आणि ऐका. दिवसा या, रात्री या, रोवणीत या. आणि एक गोष्ट विसरू नका. पूर आला, लाईन गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले, की सगळ्या घरांची खरखर एकदम थांबते. ज्या रात्री माणसाला बातमीची खरी गरज असते, त्याच रात्री मीडियम वेव्ह सर्वांत साफ लागते. ही मला माझ्या पुस्तकानं शिकवलेली गोष्ट नाही, ऑगस्टच्या त्या अंधारानं शिकवली.

गेल्या महिन्यात मी म्हातारबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते धुऱ्यावर बसून ऐकत होते. रेडिओ शेजारी, आवाज बारीक केलेला.

"मंग त्या अर्जाचं का केलं?"

म्हटलं, कपाटात आहे.

"घेऊन या."

अर्जाची मागची बाजू कोरी होती. घडलं ते मी तिथं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. मी लिहिलं होतं, 'शेजारी ऐकू कमी येणारे गृहस्थ.' ते मी खोडलं. मग त्यांनी पेन घेतला आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली.

उरलेल्या 43 घरी मला अजून जायचं आहे.