ठाण मांडून बसणारी कॉइल

हिची ओळख करून देतो. कॉइल. बहुतेकदा प्लॅटिनमची, मिलिमीटरहूनही बारीक तार. कॅथेटरच्या नळीत असते तोवर सरळ आणि आज्ञाधारक. बाहेर पडली की मूळ स्वभावावर जाते आणि वेटोळं घालून बसते. या हट्टावरच तिचं पोट चालतं.

पोटात कधी धमनीचं तोंड थेट शिरेत उघडतं. कुणाला ते जन्मतःच असतं, कुणाला चाकूच्या वाराने, कुणाला यकृताच्या बायोप्सीनंतर. मधल्या केशवाहिन्या वगळून धमनीचा सगळा जोर शिरेवर येतो. धरणाचं पाणी एकदम शेतातल्या पाटात सोडावं तसा. ती शीर यकृताकडे जाणारी असेल तर पोटात पाणी साठतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटून रक्ताची उलटीही होते. वाट मोठी असेल तर हृदय थकतं. पूर्वी हा जोड बंद करायला पोट उघडावं लागे. कॉइल जांघेतल्या टोचणीएवढ्या छिद्रातून जाते आणि वेटोळं घालून ती वाट बुजवते, अनेकदा रोगी जागा असतानाच. मला तिचं सर्वांत कौतुक आहे ते याचं.

जन्म ह्यूस्टनचा. 1975 साली सेझारे जिआन्तुर्को आणि सहकाऱ्यांनी तिला जगापुढे आणलं. तेव्हा ती स्टीलची होती आणि अंगावर चक्क लोकरीचे धागे मिरवायची. त्या धाग्यांवर रक्त गोठायचं, पण लोकर शरीराला मानवेना, म्हणून डेक्रॉनचे कृत्रिम धागे आले. रक्त गोठवण्याचं काम आजही मुख्यतः धाग्यांचंच. नाव मात्र बाईसाहेबांचं.

मापाच्या बाबतीत ती भयंकर चिकित्सक. रक्तवाहिनीपेक्षा किंचित मोठीच हवी. लहान निवडली तर प्रवाहाबरोबर शिरेत आणि तिथून फुप्फुसात, किंवा शीर यकृताकडे जाणारी असेल तर यकृतात जाते. मग फास टाकून तिला परत ओढावं लागतं. फार मोठी निवडली तर रुसून लांबलचक पडून राहते, वेटोळं घालतच नाही. वाट फारच रुंद असेल तर तिथे नायटिनॉल या मिश्रधातूच्या जाळीचा प्लग लागतो.

जागेचाही आग्रह आहे. नेमकं जोडाच्या तोंडाशीच बसवा. अलीकडे धमनीत बसवली तर आजूबाजूच्या फांद्या नवी वाट काढतात, आणि आपली जोडापर्यंत पुन्हा पोचायची वाट मात्र बंद झालेली असते.

सीटी स्कॅनमध्ये तिचा तोरा पाहावा. आपल्या झळाळत्या रेघांनी शेजाऱ्यांना पार झाकून टाकते. म्हणून घरात कुणाला कॉइल बसवली असेल तर ती कोणत्या धातूची आणि कुठे आहे, तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक स्कॅनआधी दाखवा.